तांबूची दाढ

एका खाडीच्या काठी एक नावाडी आणि त्याची बायको राहत असत. मूलबाळ नव्हतं. तांबूस रंगाचा एक कुत्रा तेवढा होता, त्याला ते तांबू म्हणायचे. नावाडी दिवसभर माणसांना या तीरावरून त्या तीरावर न्यायचा आणि तांबू होडीच्या टोकाशी बसून प्रत्येक खेपेला सोबत जायचा. उतारूंनाही त्याचा लळा होता. कुणी सुक्या मासळीचा तुकडा देई, कुणी नुसता हात फिरवी.

एकदा भरतीच्या वेळी होडीची साखळी खुंटावरून सुटली. नावाडी काठावर पोती उतरवत होता. त्याच्या लक्षात येईपर्यंत होडी ओढीला लागली, आणि होडीत एक म्हातारी बसून होती. तांबूने पाण्यात उडी घेतली, साखळी दातांत पकडली आणि चिखलात पाय रोवले. माणसं धावत येऊन साखळी हातात घेईपर्यंत त्याने ती सोडली नाही. होडी वाचली, म्हातारी वाचली. तांबूच्या तोंडातून मात्र रक्त गळत होतं. वरची मोठी दाढ अर्धी तुटली होती.

पलीकडच्या तीरावर गुराढोरांचा एक वैद्य होता. नावाडी तांबूला त्याच्याकडे घेऊन गेला. वैद्याने तोंड उघडून नीट पाहिलं.

"दाढेचं मूळ उघडं पडलंय," तो म्हणाला. "आता काढली तर एवढ्यावर निभावेल. तशीच राहिली तर आत पू धरेल."

"किती लागतील, वैद्यबुवा?"

"चार रुपये. गुंगीचं औषध लांबून आणावं लागतं, धरायला दोन माणसं लागतात. त्याहून कमी मला परवडत नाही."

नावाड्याकडे तेवढेच पैसे साठले होते, पण ते शिडासाठी होते. महिन्याभरावर जत्रा आली होती. त्याचं शीड फाटून ठिगळांचं झालं होतं आणि शेजारच्या नावाड्याने नवीन शीड लावलं होतं. लोक त्याच्याच होडीत चढणार हे उघड होतं.

"जत्रा झाली की लगेच येतो," नावाडी म्हणाला. "तसा खातोय तो. काही त्रास दिसत नाही."

"भूक लागते म्हणून खातो, बाबा. दुखत नाही म्हणून नव्हे."

नावाडी तांबूला घेऊन परत आला आणि दुसऱ्या दिवशी त्याने शिडाचं कापड आणलं.

शीड छान झालं. लोकांनी कौतुक केलं. घरी बायको भाकरी कालवणात भिजवून तांबूपुढे ठेवायची. तो मान वाकडी करून एकाच बाजूने हळूहळू चघळायचा, कधी अर्धी टाकून उठायचा.

"अहो, याच्या डोळ्याखाली सूज आलीय," ती एका सकाळी म्हणाली.

"अगं, गांधीलमाशी चावली असेल."

त्याने सूज पाहिली होती. गांधीलमाशीची नाही हेही त्याला कळत होतं. पण जत्रा आठ दिवसांवर आली होती आणि आठ दिवस काही फार नाहीत, असं त्याने स्वतःला सांगितलं.

जत्रेच्या दिवशी होडी माणसांनी भरून गेली. बांगड्या विकणारी एक कासारीण तांबूजवळ बसली होती. तिने नेहमीसारखा मायेने त्याच्या गालावर हात ठेवला. तांबू गुरगुरला आणि त्याने एकदम तोंड घातलं. कासारणीची बाही फाटली.

होडीत गलका झाला. "असलं कुत्रं होडीत ठेवायचंच कशाला?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "उद्यापासून आम्ही त्या दुसऱ्या होडीने जाऊ."

नावाड्याला लाज वाटली आणि रागही आला. त्याने हातातलं वल्हं ठेवलं आणि तांबूच्या तोंडावर जोरात चापट मारली.

तांबू ओरडला. असा आवाज नावाड्याने आजवर त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. डोळ्याखालची सूज फुटली, पू आणि रक्त गालावरून ओघळलं.

कासारीण फाटकी बाही धरून म्हणाली, "अरे बाबा, त्याला दुखत होतं. मला माहीत असतं तर मी हात लावला नसता."

होडी पलीकडे लागताच नावाड्याने तांबूला उचललं. उतारू परतीच्या खेपेसाठी हाका मारत होते. तो तसाच जत्रेच्या गर्दीतून वाट काढत वैद्याकडे गेला.

वैद्याने दाढ काढली, जखम धुतली. पण पू वर डोळ्यापर्यंत पोचला होता. डोळा वाचला नाही. नावाड्याने जत्रेत जे मिळवलं होतं ते सगळं वैद्यापुढे ठेवलं.

"तुम्ही मला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो," वैद्य म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

तांबू बरा झाला. पुन्हा भाकरीचे कडक पापुद्रे खाऊ लागला, नावाड्याच्या बायकोच्या पायात घुटमळू लागला. होडीतही येऊन बसायचा. पण नावाड्याचा हात वर झाला, मग तो वल्ह्याकडे जात असो की शिडाच्या दोरीकडे, की तांबू अंग चोरून मान फिरवायचा. बायकोपुढे तो असं कधीच करत नसे.

तेव्हापासून नावाडी त्याला हात लावण्याआधी हळू आवाजात सांगतो, "तांबू, मी आहे रे," आणि तळवा उघडा ठेवून थांबतो. एखाद्या दिवशी तांबू त्यावर हनुवटी टेकतो. एखाद्या दिवशी उठून उतारूंच्या पायांशी जाऊन बसतो. त्या दिवशी नावाडी कुणाशी फारसं न बोलता होडी वल्हवत राहतो.

तात्पर्य: मुक्या जिवाचं दुखणं आपल्या सवडीसाठी थांबत नाही. ज्याने आपल्यासाठी जीव धोक्यात घातला, त्याचा उपचार उद्यावर ढकलू नये. पैसा पुन्हा मिळतो, त्याचा विश्वास मिळेलच असं नाही.