सोयरिकीचा ओव्हन

एका गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. कोणी 'जरा थांब' म्हणालं, की 'आता चल' म्हणेपर्यंत तो जागचा हलायचा नाही. एकदा देवळापुढे असाच दिवसभर उभा होता. थांब म्हणणारा बाजार करून, घरी जाऊन, जेवून झोपलाही होता.

गेनूला एक बहीण होती, तारा. आईबाप लवकर गेले, म्हणून तिला गेनूनेच खांद्यावर खेळवून वाढवलं. तिच्यावर त्याचा फार जीव. आता तिला तालुक्याच्या गावाहून स्थळ आलं. मुलाच्या आईचा निरोप होता, की मुलगी काळी असो, गोरी असो, तिला ओव्हनमधलं करता आलं पाहिजे. त्यांच्या घरी ओव्हन नव्हता. पण सून आली की तो येणारच होता, सुनेच्या माहेरून.

मग काय! गेनूची बायको हौसा हिने भावाच्या मागे लागून सांगलीहून ओव्हन आणवला. त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, वर क्रोशाचा रुमाल घातला. एवढी देखणी वस्तू रिकामी कशी ठेवायची? म्हणून आत प्लॅस्टिकचे डबे ठेवले, पापड ठेवले आणि गेनूचा लग्नातला जरीचा फेटा ठेवला.

तारा नानकटाईचं पीठ मळायला बसली. हौसा म्हणाली, "आवो, तवर ओव्हन तापवून ठिवा."

गेनूने तापवला. चांगला तापवला. डबे वितळून पापडांवर ओघळले. फेट्याची जर तेवढी उरली.

हौसाने कपाळाला हात लावला. "आवो, आदी आतलं समदं भाईर काडायचं, मंग तापवायचं!"

"बरं," गेनू म्हणाला. "ध्यानात ठिवतो."

आणि त्याने खरंच ध्यानात ठेवलं. पंचाईत तीच होती.

दुसऱ्या दिवशी हौसाने स्वतःच ओव्हन तापवला, नानकटाईचं ताट आत सरकवलं आणि "जरा लक्ष ठिवा" म्हणून पाण्याला गेली. गेनूने काचेतून पाहिलं. ओव्हन तापतोय, आणि आत ताट! त्याने घाईघाईने सांडशीने ताट बाहेर काढलं आणि रिकाम्या ओव्हनवर लक्ष ठेवून बसला. टण्णकन घंटा वाजली तेव्हा हौसा परत आली. ओव्हन लालबुंद, नानकटाई पांढरीफटक.

"आवो, येकदा आत घातलं की घंटी हुईस्तवर दार उघडायचं न्हाई!"

"बरं. ध्यानात ठिवतो."

मग भरताची वांगी आली. ओव्हनची वरची कांब लाल करून ताराने वांगी तिच्याखाली ठेवली. या आचेला घंटा लावत नाहीत, डोळ्यांनी बघत राहावं लागतं. "दादा, बघ रं जरा," म्हणून ती परसात कोथिंबीर खुडायला गेली. घंटा काही होईना. धूर मात्र व्हायला लागला. शेजारी बादल्या घेऊन धावले, तर गेनू पाठीला वाकळ लावून ओव्हनचं दार दाबून उभा. "घंटी हुईस्तवर न्हाई!" वांग्यांचा कोळसा झाला.

तारा म्हणाली, "आरं दादा, वरच्या आचंला समूर बसायचं, नजर हलवायची न्हाई, आन अर्ध्यात फिरवायचं."

"फिरवतो. ध्यानात ठिवतो."

पाहुणे मुलगी बघायला यायच्या आदल्या दिवशी केकची रंगीत तालीम झाली. गेनू ओव्हनपुढे पापणी न लववता बसला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हलला नाही. अर्धा वेळ झाल्यावर त्याने दार उघडलं आणि केकचं भांडं फिरवलं. पालथं फिरवलं.

तारा आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "दादा, फिरवायचं म्हंजी मागलं म्होरं करायचं रं. आन झालं का बघाया सुई टोचायची. कोरडी आली तर काडायचं. चिकाट आली तर परत आत."

गेनूला फार वाईट वाटलं. आपल्यामुळे तारीची सोयरीक मोडली तर, या धास्तीने त्याला भाकरी गोड लागेना.

सकाळी हौसाने बजावलं, "आज ओव्हनला बोट लावायचं न्हाई. केक तारा करंल. तुमी फकस्त पाव्हण्यांना भाईरल्या खोलीत बसवा. आन आमी शिकवलं तसं समदं नीट करा!"

"शिकवलं तसं? समदं?"

"समदं!"

गेनू जोमाने कामाला लागला. त्याने बाहेरच्या खोलीतलं सगळं अंगणात काढलं: खुर्च्या, सतरंजी, पाण्याचा माठ, भिंतीवरचे देवसुद्धा. मग दारं-खिडक्या लावून घेतल्या. पत्र्याचं छप्पर, वैशाखाचं ऊन. दुपारपर्यंत खोली छान तापली.

पाहुणे आले. मुलाचा बाप, मुलाची आई आणि मुलगा भालचंद्र. "या, बसा," म्हणत गेनूने त्यांना आत घातलं, बाहेरून कडी लावली, घड्याळाला गजर लावला आणि खिडकीच्या काचेला नाक लावून बसला.

"अहो, दार उघडा!" मुलाचा बाप ओरडला.

"घंटी हुईस्तवर न्हाई."

"अहो, निदान पंखा तरी लावा!" मुलाची आई ओरडली.

हा आरडाओरडा स्वयंपाकघरात गेला. हौसाला वाटलं, पाहुणे रमलेत. ती खूश झाली.

अर्धा वेळ झाल्यावर गेनू काचेवर टकटक करून म्हणाला, "आता फिरा. मागलं म्होरं, म्होरलं मागं."

फिरल्यावर सुटका होईल, या आशेने ते फिरले. गावोगावच्या मुलींना त्यांनी असंच मागूनपुढून फिरवून पाहिलं होतं. स्वतः फिरायची वेळ पहिल्यांदाच आली.

गजर झाला. कडी निघाली. तिघं दाराकडे झेपावले, तर उंबऱ्यावर गेनू दाभण घेऊन उभा. त्याने बापाच्या दंडाला टोचलं. "आई गं!" दाभण कोरडं निघालं. "झालं. जावा." मग आईच्या खांद्याला टोचलं. तेही कोरडं. "झालं. जावा."

मग भालचंद्र आला. त्याच्या खिशात आईने पेढे ठेवले होते, मुलगी पसंत पडली तर वाटायला. ते पार वितळले होते. गेनूने नेमकं खिशावरच टोचलं आणि दाभण उजेडात धरून नीट पाहिलं.

तेवढ्यात हौसा आणि तारा केक घेऊन आल्या. केक बाकी सुरेख झाला होता. अंगणात मुलाचे आईबाप घामाने निथळत उभे. बाप पाय आपटत ओरडत होता, "मोडली! सोयरीक मोडली! भालू कुठाय आमचा?"

तारा मटकन खाली बसली. गेनूने मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नगं, तारे. आईबाप झाल्यात. पोरगं तेवढं चिकाट निघालं. परत आत घातलंय."

आणि त्याने घड्याळाला पुन्हा किल्ली दिली.