कोंडाईचा हात

शेलखोरीच्या बारवेत उतरायला लागलात की आधी डोळ्यांत भरतात त्या पायऱ्या. काळ्या, घडीव दगडाच्या उंच पायऱ्या, आणि त्या प्रत्येकीच्या पुढ्यात माळावरच्या तांबड्या, ओबडधोबड दगडाची एकेक अर्धी पायरी बसवलेली. खालून अकराव्या पायरीवर त्याच तांबड्या दगडाचा ऐसपैस ओटा आहे. बारवेच्या तोंडाशी एक कोनाडा आहे. एरवी अशा कोनाड्यात देव असतो, नाहीतर बांधणाऱ्याचा लेख. इथे एक लाकडी काठी उभी आहे. लांबीला हातभर, तीही बुटक्या माणसाच्या हाताएवढी.

आर्किटेक्ट व्हायला निघालेली शहरातली मुलंमुली दरवर्षी इथे येतात. त्यांच्यातलं कोणीतरी हमखास म्हणतं, काळ्या-तांबड्याची रंगसंगती काय सुरेख साधलीय! मग बारवेची झाडलोट करणारे सोनबा गुरव, वय ऐंशीच्या घरात, हातातला खराटा भिंतीला टेकवतात.

"रंगसंगती न्हवं ती," ते म्हणतात. "एका बाईचा संताप हाय. बसा खाली. आधी ऐका, मग काय फोटू काढायचे ते काढा."

सोनबा सांगतात ते असे.

फार पूर्वी या मुलखात तीन वर्षं ओळीने दुष्काळ पडला. नदी दोन कोसांवर. तिथून पाणी आणता आणता बायांच्या डोक्यांवरचे केस झडले, असे सांगतात. तेव्हा गावचे मानाजीराव देशमुख देवीला नवस बोलले, की दुष्काळ हटला तर गावाला बारव बांधून देईन. दुष्काळ हटला, आणि देशमुखांनी नवस फेडायला घेतला. मानाजीराव म्हणजे धिप्पाड माणूस. स्वतःच्या वाड्याच्या दारातूनही त्यांना वाकून जावं लागे म्हणे. मात्र उभ्या जन्मात त्यांनी पाण्याचा एक तांब्या स्वतः भरून घेतलेला नव्हता.

कामाला बोलावलं केरोजी पाथरवटाला. त्याच्या हाताखाली पन्नास माणसं, आणि नाव असं की त्याने आखलेली भिंत शंभर वर्षांत केसभर सरकायची नाही. या कारागिरांचा एक दंडक होता. ज्याचं दान, त्याच्या हाताचा गज. दात्याचा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजायचा, तेवढी सागाची काठी कापायची, आणि पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत सगळं काम, पायरीची उंचीसुद्धा, तिच्या मापाने उठवायचं. दुसऱ्याचं माप लागलं तर पुण्य वाटलं जातं, अशी समजूत. पाणी कोण भरणार, हा प्रश्न त्या दंडकात कुठेच नव्हता. शहाण्यासुरत्या माणसांना असले प्रश्न पडत नाहीत.

तो पडला एका बाईला. कोंडाई तिचं नाव. चुना मळायला लागणारं पाणी ती नदीवरून वाहून आणी. विधवा, उंचीने जेमतेम तीन हात, आणि पदरात एकुलती एक लेक, राही. पहिल्या पाच पायऱ्या बसल्या त्या दिवशी कोंडाई भरली घागर घेऊन उतरली, आणि पायरी अजमावायला तशीच भरल्या घागरीनिशी परत चढली. पायरी गुडघ्याच्या वर लागत होती. एक पाय वर टाकला की दुसऱ्याला जमीन उरत नव्हती.

"केरोजीबाबा, पायरी लई उंच झाली," ती म्हणाली. "भरल्या डोक्यानं चढवत न्हाई."

केरोजी हसला. "कोंडाई, पायरी मी न्हाई ठरवत. गज ठरवतो."

"गज कुनाचा?"

"सरकारांचा."

"मग सरकार येनार हायेत का पानी भरायला?"

आजूबाजूची माणसं फिदीफिदी हसली. केरोजी नाही हसला. त्याला ते झोंबलं, आणि झोंबलं म्हणूनच त्याने ऐकलं नाही. कोंडाईने पुन्हा सांगितलं, दहाव्या पायरीला. पुन्हा सांगितलं, विसाव्या पायरीला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. कामावरून काढून टाकीन, अशी धमकी तेवढी मिळाली.

बारव पुरी झाली. देशमुख शालजोडी पांघरून खाली उतरले. त्यांना ती पायरी अंगाबरहुकूम शिवलेल्या अंगरख्यासारखी बसली. दहा गावांनी केरोजीची वाहवा केली, त्याच्या हातात सोन्याचं कडं चढलं, आणि कोनाड्यात देशमुखांच्या नावाचा लेख बसवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी गावच्या बाया पाण्याला आल्या. त्यात राही होती, सात महिन्यांची गरोदर, माहेरी आलेली. घागर भरून ती वर निघाली आणि अकराव्या पायरीवर तिचा पाय उचलला गेला नाही. ती मागच्या मागे कोसळली. तिला वर आणेपर्यंत आई आणि पोटातलं लेकरू, दोन्ही गेलेली होती.

कोंडाई रडली नाही म्हणे. राहीला माती दिली आणि ती तडक बारवेवर आली. वरच्या पायरीवर आडवी बसली. बायांना म्हणाली, "हिथलं पानी कुनी भरायचं न्हाई. ज्यानं ही पायरी केली, त्यानं भरली घागर डोक्यावर घ्यावी आन् वर यावं. मग भरू."

आणि बायांनी ऐकलं! एकही खाली उतरली नाही. पुन्हा दोन कोसांची पायपीट सुरू झाली. पाण्याची बारव समोर असताना बाया तिच्याकडे पाठ करून नदीला जात, आणि जाता-येता कोंडाईपुढे भाकरी ठेवीत. दहा दिवस गेले. वापरात नाही त्या दानाचं पुण्य कसलं? देशमुखांचा पारा चढला. त्यांनी आधी कोंडाईला उचलून फेकायला माणसं पाठवली, पण तिच्याभोवती साठ बाया बसलेल्या पाहून ती माणसं आल्या पावली परतली. शेवटी केरोजीला फर्मान सुटलं. एक घागर घेऊन चढ आणि या बाईचं तोंड बंद कर.

केरोजीला ते हलकं वाटलं. ज्याने भिंती उठवल्या, त्याने बाईमाणसासारखी चुंबळ डोक्यावर ठेवायची? पण गडी ताकदीचा होता, गुर्मीचाही. अशा चाळीस खेपा घालीन म्हणाला. उतरला, घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि सगळ्या गावादेखत चढू लागला. चार पायऱ्या ताठ मानेने. सहाव्या पायरीला घागर हिंदकळली आणि पाणी डोळ्यांत आलं. नवव्या पायरीला त्याने एक हात भिंतीला टेकला. अकराव्या पायरीला त्याने पाय उचलला, तो पुरता टेकला नाही, आणि दहा गावांनी वाखाणलेला कारागीर गुडघ्यावर आपटला. घागर गडगडत पाण्यात गेली. त्याचा गुडघा फुटला तो कायमचा.

तिथे, त्याच पायरीवर, तो बराच वेळ बसून राहिला. वरून कोणी उतरलं नाही. उतरली ती कोंडाई. त्याला वाटलं, ही आता थुंकेल. ती समोर उभी राहिली. तो बसलेला आणि ती उभी, तरी दोघांचे डोळे जवळपास एका पातळीवर आले, असे सांगतात.

"गज चुकला न्हाई, कोंडाई," तो म्हणाला. "हात चुकला. मी चुकीचा हात मोजला."

"मी तुला तीनदा सांगितलं व्हतं."

"सांगितलं व्हतंस."

"तू ऐकलं असतंस तर माझी राही आज जिती असती. ह्ये तुला इसरू देनार न्हाई मी. माफी मागू नगंस, मी देनार न्हाई."

त्याने माफी मागितली नाही. कंबरेची सुरी काढली, पाठीशी खोचलेला देशमुखी गज धडक्या गुडघ्यावर घेतला आणि म्हणाला, "हात पुढं कर."

कोंडाईने केला, पण त्याच्यासाठी नव्हे. वर साठ जणी उभ्या होत्या, त्यांच्यासाठी. तिच्या कोपरापासून बोटापर्यंतचं माप धरून केरोजीने देशमुखांचा गज तिथल्या तिथे कापला. एवढा तुकडा उडाला, की वर उभ्या असलेल्या मानाजीरावांना आपलंच बोट तुटल्यासारखं झालं.

मग जे व्हायचं तेच झालं. देशमुखांनी सोन्याचं कडं काढून घेतलं आणि काळ्या दगडाची खाण बंद केली. कारागिरांच्या पंचायतीने केरोजीला वाळीत टाकलं. दात्याचा हात जो कापतो, त्याच्या हाती कुणी ओळंबा देऊ नये, असा ठराव झाला. पन्नासांतले सत्तेचाळीस निघून गेले. फुटक्या गुडघ्याचा केरोजी तीन माणसांनिशी राहिला. दगड बायांनी माळावरून आणला, तांबडा, जसा मिळाला तसा. नव्या मापाने एकेक अर्धी पायरी बसत गेली. अकरावीवर कोंडाईने ओटा मागितला, पोटुशी बाईला टेकता यावं, घागर उतरवता यावी म्हणून. कोनाडा रिकामाच होता. देशमुखांचा लेख काही आला नाही. तिथे कोंडाईने तो कापलेला गज उभा केला आणि केरोजीकडून वचन घेतलं, की या शिवारात जो कोणी काही बांधेल, तो आधी घागर उचलेल, आणि जिला किंवा ज्याला तिथे रोज वावरायचंय, तिचा किंवा त्याचा हात मोजेल. त्या तिघांनी ते वचन पुढे आपल्या शिष्यांना दिलं. आणि गंमत बघा. पंचायत केव्हाच मोडली. वाळीत टाकलेल्यांचाच धंदा टिकला, कारण गावोगावच्या बाया विचारू लागल्या, "तुम्ही कोंडाईच्या हाताचे का?"

सोनबा इथे थांबतात आणि त्यांचा आवाज चढतो.

तीन वर्षांपूर्वी एक साहेब आले होते, गावाला दवाखाना बांधायला. नकाशा आधीच पास झालेला. दाराला नऊ उंच पायऱ्या, का, तर इमारतीला भारदस्तपणा यावा! गावाने त्यांच्यापुढे घागर ठेवली. साहेबांनी हातरुमालाने बूट पुसले आणि गाडीत बसले. तो दवाखाना आता पलीकडच्या गावात आहे. नाव मोठं, लक्षण खोटं. तिथे बाळंतपणाला आलेल्या बाईला चौघं मिळून उचलून नेतात. साहेबाला त्याच नकाशाबद्दल बक्षीस मिळालं म्हणे.

शेलखोरीने दोन वर्षं वाट पाहिली. मग एक तरुण बाई आली. तिने घागर उचलली, अकराव्या पायरीपर्यंत आली आणि ओट्यावर बसून ढसाढसा रडली. शेलखोरीच्या दवाखान्याला एकही पायरी नाही. काठी टेकत येणाऱ्या यमुनाबाईंचा हात मोजून तिथला उतार बांधलाय.

आजही कोनाड्यातला गज किडला की नवा कापतात, तो गावातल्या सगळ्यांत बुटक्या पाणी भरणाऱ्या बाईच्या हाताचा. आजही नळ आले तरी सणावाराला बाया बारवेवर येतात, अकराव्या पायरीच्या ओट्यावर घागर टेकवतात आणि राहीच्या नावाने ओंजळभर पाणी सोडतात. केरोजीचं नाव कुठे कोरलेलं नाही. त्याने कोरू दिलं नाही.

"आन् आजबी," सोनबा खराटा पुन्हा हातात घेत पोरांना म्हणतात, "ती तिकडं घागर भरून ठिवलीया. तुमी बांधनारी मानसं ना? मग वह्या ठिवा खाली. कोन उचलतंय पैलं?"