सावलीची वसुली

त्या राज्यात ऊन सगळ्यांचे होते आणि सावली एकट्या लांडगेशेठची. झाडे त्याची असल्याने बाकीचे प्राणी त्याच्याकडून सावली उसनी नेत आणि अंगच्या सावलीतून रोज थोडी थोडी फेडत.

ढवळी शेळीला ऐन उन्हाळ्यात करडू झाले. त्याच्या कोवळ्या कातडीला चटके बसू लागले, तशी ती शेठकडे गेली. शेठने भर दुपारी आंब्याखालची आखूडशी सावली दोरीने मोजून दिली. संध्याकाळी ती सावली लांबली, तेव्हा त्याने पुन्हा दोरी लावली आणि म्हणाला, "एवढी परत करायची, बाई."

ढवळी फेडत राहिली, देणे लांबत राहिले.

शेठने वसुलीला तरसे ठेवली होती. ती कुणाला चावत नसत. दारात उभी राहून नुसती हसत, आणि ते हसणे अख्ख्या आळीला ऐकू जाई. शेजारची म्हैस लाजेने खिडकी लावून घेई. अखेर एके दिवशी तरसांनी ढवळीच्या पायाखालची सावली चटईसारखी गुंडाळली आणि नेली. आईच्या पोटाखाली निजणारे करडू आता तिथेही भाजू लागले.

ढवळी त्याला घेऊन न्यायासनावरच्या हत्तिणीकडे गेली.

"सावली तीच, दोरीही तीच," शेठ हात जोडून म्हणाला. "माझं काय चुकलं, आईसाहेब?"

"मग सूर्यही तोच ठेवायचा होता," हत्तीण म्हणाली.

तिने निवाडा दगडावर कोरून दिला: दुपारची सावली दुपारीच मोजावी, कुणाच्या दारी हसू नये, पायाखालची सावली कुणी नेऊ नये.

ढवळीची सावली परत आली. तिला घड्या पडल्या होत्या, पण करडू त्यात गाढ झोपले.

दगड मात्र शेठने "सुरक्षित राहावा म्हणून" आपल्या अंगणात, अक्षरे भिंतीकडे करून उभा केला. तरसे पुन्हा दारोदार हसू लागली.

तेव्हा ढवळीने डोके लावून तो दगड बाहेर ढकलला. म्हशीने खांदा दिला. ज्याच्या दारी तरस, त्याच्या दारी दगड असे सुरू झाले. ढवळी मोठ्याने वाचून दाखवी आणि हसणे तरसांच्या घशातच अडके. हरणाकडून सशाकडे, सशाकडून साळिंदराकडे दगड इतका लोळला, की झिजून गुळगुळीत झाला.

तरसांना ते कळले. ती म्हशीच्या दारी आली, कोऱ्या दगडाभोवती फिरली आणि हसायला त्यांनी तोंडे उघडली.

"दुपारची सावली..." म्हैस आतून म्हणाली.

"...दुपारीच मोजावी," सशाच्या बिळातून आले.

मग साळिंदराच्या जाळीतून, हरणाच्या कुरणातून पुढचे शब्द येऊ लागले. तरसे तोंडे उघडी ठेवून उभीच राहिली. शेवटचे वाक्य करडाने म्हटले, जरा बोबडे, पण पूर्ण.