नवरदेवाच्या जीपचा वेग

तुळशीराम शेवाळे यांची जुनी उघडी जीप लग्नात नवरदेवाला मारुतीच्या देवळातून मांडवापर्यंत न्यायची. ऐन लग्नसराईत त्यांना टपालानं चलान आलं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यानं जीपचा वेग ताशी चौऱ्याऐंशी पकडला होता, म्हणून लायसन तीन महिने जमा करायचं होतं. म्हणजे सगळा हंगामच गेला.

म्हातारा चलान घेऊन वाहतूक कार्यालयात गेला. खर्डेकर साहेबांनी मान वर न करताच विचारलं, "काय बाबा, या वयात विमान चालवता?"

"साहेब, यंत्राचं काहीतरी चुकलंय."

"माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही. लायसन ठेवा टेबलावर."

तुळशीरामांनी लायसन ठेवलं आणि चलानावरचा फोटो पुढं सरकवला. फोटोत जीपच्या दोन हात पुढं एक बँडवाला नवरदेवाकडं तोंड करून, गाल फुगवून, क्लॅरिनेट वाजवत उलटा चालत होता.

"मग आधी याला पकडा, साहेब," ते हळूच म्हणाले. "मी निदान पुढं बघून चालवत होतो. हा तर चौऱ्याऐंशीच्या वेगानं उलटा पळतोय, आणि वर वाजवतोयसुद्धा."

शेजारचा कारकून तोंडापुढं फाईल धरून हसू लागला. साहेबांनी फोटो दोनदा पाहिला, चलान रद्द केलं आणि लायसन परत दिलं. तरी रुबाब राखायला म्हणाले, "इथून पुढं जरा हळू चालवा."

"याहून हळू कशी चालवू, साहेब? त्या दिवशी नवरी वाट बघून बघून जेवायला बसली होती."