सुंद्रा सुतारणीचा भुसा

"ओंडक्याचं जेवढं वजन, तेवढ्याच वजनाच्या फळ्या! गुंजभर कमी भरल्या तर करवत माझी, पाणचाक माझं, ओढ्याकाठची जागाही माझी!"

दगडूशेट सावकारानं अशी अट घातली, तीही भरदरबारात, राजासमोर!

सुंद्रा सुतारीण बघतच राहिली. अहो, करवत लाकडात शिरली की भुसा पडणारच. भुसा न पाडता फळी पाडणारा सुतार अजून जन्माला यायचाय! दगडूशेटला हे कळत नव्हतं होय? चांगलं कळत होतं. म्हणून तर अट!

बाप गेल्यावर सुंद्रानं या शेटकडून पाचशे रुपये कर्ज काढलं आणि ओढ्याच्या पाण्यावर चालणारी करवत उभी केली. लोक म्हणाले, "बाईमाणसानं चूल फुंकावी!" सुंद्रा म्हणाली, "चुलीला लाकूड कोण देईल, तुमचा काका?" तीन वर्षं राबली, व्याज फेडलं, मुद्दलही फेडत आणलं. राहिले फक्त पन्नास. नेमका त्याच साली ओढा आटला, चाक दोन महिने थांबलं आणि मुदत टळली. ओढ्याला परत पाणी आलं, तशी ती दरबारात येऊन म्हणाली, "सरकार, माझ्याकडे पन्नास रुपयांचा सागाचा ओंडका आहे. शेटनी तो घ्यावा नि मला मोकळं करावं."

"ओंडका घेऊन काय डोक्यावर मारून घेऊ?" शेट म्हणाला. "फळ्या पाडून दे. आणि पन्नासाचा ओंडका, तर पन्नासाचंच लाकूड हातात पडलं पाहिजे!" मग आली ती वजनाची अट.

राजा महाहट्टी. एकदा मान डोलावली की संपलं! "मुदत तू चुकवलीस, अट शेटची राहील. आम्ही जातीनं येऊ. काटाही आमचाच!"

"या की सरकार," सुंद्रा म्हणाली. "येताना शेटनाही आणा. त्यांच्यावाचून मजा नाही."

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी ही गर्दी! चौकोनी तासलेला ओंडका काट्यावर चढला. भरला बरोबर बारा मण. सुंद्रानं करवतीखाली मोठं पटकूर अंथरलं.

"भुसा गोळा करतेस?" शेट खो खो हसला. "भाकऱ्या थापणार वाटतं त्याच्या!"

"थापीन की. पहिली तुमच्या ताटात!"

चाक फिरलं, करवत गरगरली, आणि दुपारपर्यंत फळ्यांची थप्पी लागली. अशा सरळ फळ्या, की शेटनंही एकीवरून हळूच हात फिरवला. फळ्या काट्यावर चढल्या. भरल्या अकरा मण.

"मण कमी! मण कमी!" शेट एवढ्या मोठ्या पोटानिशी नाचायला लागला.

"हरलीस पोरी," राजा म्हणाला. एवढ्या कष्टानं उभी केलेली करवत क्षणात परक्याची होणार! पण सुंद्रानं पदर खोचला.

"थांबा सरकार. ओंडक्याचं लाकूड अजून शिल्लक आहे." असं म्हणून तिनं पटकुरावरचा भुसा तीन पोत्यांत भरला आणि ती पोती फळ्यांसोबत पारड्यात ठेवली. काटा मधोमध! बारा मण, ना कमी ना जास्त.

"हा भुसा मी धरणार नाही!" शेट किंचाळला. "हातात पडेल तेवढंच लाकूड!"

"म्हणजे कापताना जे गळालं, ते हिशेबात धरायचं नाही?"

"नाही! शंभरदा सांगतो, नाही!"

"सरकार, ऐकलंत?"

"ऐकलं. आम्ही काही बहिरे नाही."

"मग शेटजी, तीन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या ओच्यात किती रुपये घातलेत?"

"पाचशे! कागदावर तुझा अंगठा आहे!"

"कागदात किती ते नाही विचारलं. ओच्यात किती?"

शेट इकडेतिकडे बघायला लागला.

"बोला!" राजा गरजला.

"साडेचारशे, सरकार... पण पन्नास थैली सोडण्याचे! पैसे देताना थैलीचं तोंड सोडावं लागतं, त्याचे आम्ही आधीच कापून घेतो. सगळे सावकार घेतात. रीतच आहे!"

"झालं तर!" सुंद्रा म्हणाली. "शेटनी कर्ज देताना पन्नास गळाले, मी लाकूड देताना मण गळाला. गळालेलं हिशेबात धरायचं असेल, तर ही पोती धरा, ओंडका पुरा, कर्ज फिटलं! धरायचं नसेल, तर मला मिळाले साडेचारशे, मी दिले साडेचारशे, वर व्याज. मग कर्ज केव्हाच फिटलंय, आणि या फळ्या माझ्या!"

"धरतो! भुसा धरतो!" शेट घाईघाईनं पोत्यांकडे धावला. "निदान फळ्या तरी..."

"खबरदार!" राजा म्हणाला. "शंभरदा नाही म्हणालात ना? आमच्यापुढे बोललेला शब्द फिरत नाही. फळ्या हिच्या. आणि तो कागद काढा इकडे!"

राजानं कागद टराटरा फाडला. शेटचं पडलेलं थोबाड बघून त्याला असं हसू फुटलं, की पागोटं कानावर आलं.

"पोरी, आमच्या हत्तीखान्याला नवी दारं हवीत. या फळ्या आम्ही शंभराला घेतो. आणि इथून पुढे राज्याचं सगळं लाकूड तुझ्याच करवतीवर!"

"उपकार झाले सरकार. फक्त ते शंभर देताना..."

"कळलं, कळलं!" राजा डोळे पुसत म्हणाला. "आमची थैली आम्ही फुकट सोडू!"