एकही काडी पडली नाही

"आणि तुम्ही त्यांना नाव दाखवलीत?"

हेरंबशास्त्र्यांना धाप लागली होती. एवढ्या मोठ्या विद्यापीठाचे कुलगुरू, एरवी चार पावलं जायचं तरी पालखी लागे. आज अनवाणी धावत नदीकाठच्या झोपडीपर्यंत आले होते.

झोपडीच्या दारात त्यांचे गुरू अच्युतबाबा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते.

"त्याने विचारलं, नाव कुठे लागते. मी दाखवली."

"बाबा, पलीकडे त्यांच्यासाठी सूळ उभा केलाय!"

"हो. तेही सांगितलं त्याने."

शास्त्रीबुवा मटकन खाली बसले.

पलीकडे म्हणजे नदीपलीकडच्या राज्यात. तिथल्या धुंडिराज पंडितांनी एक जुना शिलालेख वाचला आणि शिष्यांना सरळ सांगून टाकलं, की राजघराण्याची सगळी जमीन मुळात विणकरांची होती, फसवून घेतलेली. झालं! राजाने शिलालेख छिन्नीने खरवडून काढला, पंडितांची पोथी जाळली, त्यांना सुळावर द्यायचा हुकूम काढला. पंडित कसेबसे नदी उतरून अलीकडे आले. हेरंबशास्त्र्यांनी त्यांना विद्यापीठात ठेवून घेतलं. राजाचा दूत धमकी घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत लावलं. यात धाडस होतं, उगाच नाकारायचं कशाला?

आणि आज पहाटे तेच पंडित आपल्या पायांनी परत निघून गेले होते.

"मी काय कमी केलं त्यांना?" शास्त्रीबुवांचा आवाज फाटला. "राहायला खोली दिली. रोज साजूक तुपातलं जेवण. भर सभेत शाल पांघरली. दाराशी पहारा ठेवला. आगीतून सुटलेला माणूस पुन्हा आगीत का जातो, बाबा? का?"

"सभेत बोलायचा तो?"

"दर एकादशीला."

"काड्या किती पडायच्या?"

शास्त्रीबुवा उपरण्याने घाम पुसू लागले.

त्या विद्यापीठाची एक रीत होती. सभेत पंडित बोलत असताना ज्याला त्याचं म्हणणं पटत नसे, त्याने उठून पंडितापुढे दर्भाची एक काडी ठेवायची. पंडिताने थांबायचं, शंका ऐकायची, उत्तर द्यायचं. ज्याच्यापुढे काड्यांचा ढीग पडे त्याचं नाव गावोगाव होई. ज्याच्यापुढे काडीच पडत नसे, तो बिचारा मान खाली घालून घरी जाई.

"किती पडायच्या?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"एकही नाही." आणि मग, जरा अभिमानानेच, "मीच सगळ्यांना बजावलं होतं. म्हटलं, होरपळून आलेला माणूस आहे. त्याच्या जखमेवर मीठ चोळायचं नाही. सगळे कसे शांत बसायचे. माना डोलवायचे."

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"त्याची पोथी कुणी जाळली?"

"राजाच्या शास्त्र्यांनी."

"जाळण्याआधी वाचली होती?"

"वाचली तर! ओळ न् ओळ काढून आरोप ठेवलेत मेल्यांनी."

"इथे आल्यावर ती पोथी त्याने आठवून आठवून पुन्हा लिहिली. तुझ्या हातात दिली."

"हो, माझ्याकडेच आहे." शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले. "रेशमी वस्त्रात बांधून देवघरात ठेवलीय. रोज फूल वाहतो. तिच्या केसालाही धक्का लागणार नाही."

"वाचलीस?"

शास्त्रीबुवा नदीवर धुणं आपटणाऱ्या बाईकडे पाहू लागले.

"हेरंबा, वाचलीस का?"

"सवड… म्हणजे…" शास्त्रीबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्यांनी पोथी जाळली त्यांनी ती वाचली होती. ज्याने वाचवली त्याने तिची गाठही सोडली नव्हती. हे त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं.

"जाताना काय म्हणाले ते?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"म्हणाला, पलीकडे सुळावर चढवण्याआधी एकदा तरी विचारतात, हे तू कशावरून म्हणतोस?"

"एवढ्यासाठी? एवढ्यासाठी कुणी मरायला जातं?"

बाबांनी सोललेले दाणे वाटीत भरले, वाटी शिष्यापुढे सरकवली आणि भिंतीला टेकवलेली काठी घेऊन उठले. पंडितांना सोडून आलेली नाव नुकतीच अलीकडे लागत होती. बाबा तिच्या दिशेने चालू लागले.

"बाबा! कुठे निघालात?"

"पलीकडे."

"या वयात? अहो, त्यांचा शिष्य म्हणवणाऱ्यालाही तिथे सोडत नाहीत! दोघांना अंधारकोठडीत टाकलंय. त्यांच्या बाजूने एक शब्द बोललात तर तुमचंही डोकं…" शास्त्रीबुवा आडवे आले, बाबांचे पाय धरून बसले. एवढा मोठा कुलगुरू लहान पोरासारखा रडत होता. "नका जाऊ. ते बरोबर आहेत हे तुम्हाला पटलंय, मला पटलंय, सगळ्या जगाला पटलंय. तेवढं पुरे नाही का?"

बाबा थांबले. वाकून त्यांनी शिष्याचे हात हलकेच सोडवले.

"मला कुठे पटलंय? पहाटे त्याचं सगळं ऐकलं. विणकरांबद्दल तो चुकतोय असं मला वाटतं. पण बोलायच्या आत नाव सुटली…"

त्यांनी नावेत पाय ठेवला.

"त्याला ते कुणीतरी सांगायला नको का, हेरंबा?"