उंबरा नसलेली पाठशाळा

एकदा एका वृद्ध शिक्षिकेच्या शिष्येने सकाळी सात वाजून अठरा मिनिटांनी आपल्या सहा वर्षांच्या लेकीच्या पाठीत धपाटा घातला. सगळे सुरू झाले ते तिथून.

ही शिष्या आभासी जगातल्या पाठशाळा रचण्याचे काम करी. म्हणजे मुलांनी डोळ्यांवर मोठा चष्मा चढवायचा, की वर्गाच्या चार भिंती नाहीशा होतात आणि समोर डोंगर, नदी, आभाळ उभे राहते. पानाला हात लावला की पान आपले नाव सांगते. बेडकाला हात लावला की त्याचे धडधडणारे हृदय दिसते. एका व्यापाऱ्यासाठी तिने अशी पाठशाळा रचली होती आणि ती गावोगावच्या शाळांत चालू होती. तिची लेक रेणू हिच्या शाळेतही रोजचा एक तास याच पाठशाळेचा असे.

त्या सकाळी फोनवर निरोप आला, ‘आपल्या पाल्याचा सहभाग : अत्यल्प.’ कित्येक आठवडे हाच निरोप. आईने तो पुन्हा वाचला. आपणच रचलेल्या पाठशाळेत आपलेच पोर मागे? पुढे हिचे कसे व्हायचे?

“काय गं, सगळी पोरं हात लावतात, तुझ्याच हाताला मेंदी लावलीय का? काय दिसतं तुला तिथं?”

रेणू दुधात बुडवलेल्या पोळीकडे बघत म्हणाली, “काळं.”

“काय?”

“काळं दिसतं.”

दिवसरात्र खपून एवढी नदी उभी केली, एवढे डोंगर उभे केले, आणि ही म्हणते काळं! आईला वाटले, पोर उलट बोलते. हात उठला. रेणू रडली नाही. तशीच दप्तर घेऊन शाळेत गेली.

त्याच दिवशी व्यापाऱ्याने पाठशाळेचे नवे दालन उघडायला त्या वृद्ध शिक्षिकेला बोलावले होते. चाळीस वर्षे त्यांनी एका खोलीच्या शाळेत मुले शिकवली. ही शिष्याही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या तोंडून कौतुकाचे दोन शब्द निघाले तर व्यापाऱ्याला ते जाहिरातीत घालायचे होते.

मोठ्या बाईंनी चष्मा उलटसुलट करून पाहिला. “ही तर बैलाची झापडं की गं!”

व्यापारी हसला. “आजी, झापडं लावली की बैलाला पुढचंच दिसतं. यात सगळं जग दिसतं.”

“बघू तर तुमचं जग.”

बाईंनी चष्मा चढवला. त्यांना दिसत होते तेच बाकीच्यांना भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होते. बाई एका आंब्याखाली जाऊन बसल्या. हात मांडीवर ठेवले. नदीकडे बघत राहिल्या.

“बाई, पानाला हात लावा ना,” शिष्या कुजबुजली.

“बसू दे गं जरा.”

चार मिनिटे झाली आणि पडदा काळा झाला. वर अक्षरे उमटली, ‘आपण निष्क्रिय आहात. आपली जागा दुसऱ्याला दिली आहे.’

“पुन्हा बसव,” बाई म्हणाल्या.

पुन्हा बसवले. पुन्हा त्या नुसत्या बघत राहिल्या. पुन्हा काळे. असे एकदा नाही, पाच वेळा झाले. शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले. व्यापारी म्हणाला, “आजी, डोळा लागला की काय? काहीतरी करा की. इथं जो करतो तोच शिकतो.”

बाईंनी चष्मा काढला. “हा नियम कुणी केला?”

“मी,” शिष्या म्हणाली. “दालनात चाळीसच जागा असतात, बाई. बाहेर शेकड्यांनी मुलं थांबलेली. काही चष्म्याआड झोपा काढतात, जागा अडवतात.”

“आणि काढलेलं पोर कुठं जातं?”

“जाणार कुठं? चष्म्यात काळं होतं, एवढंच.”

बोलता बोलता शिष्येला सकाळचे ‘काळं दिसतं’ आठवले.

“मग ते चष्मा काढतं?”

“तास संपल्याशिवाय...” ती म्हणाली, “काढू देत नाहीत.”

तिने लेकीची नोंद काढली. रेणू कालपर्यंत एक्केचाळीस दिवस पाठशाळेत आली होती. एक्केचाळीस दिवस, रोज चार मिनिटांनी, तिला बाहेर काढले होते. उरलेला सगळा तास ते लेकरू डोळ्यांवर काळोख बांधून बाकावर बसले होते. विचारले तेव्हा खरे तेच सांगितले होते, आणि मार खाल्ला होता.

मोठ्या बाईंनी तिला जवळ बसवले. म्हणाल्या, “पोरी, माझ्या शाळेत एक मुलगी थोरल्या बहिणीच्या कडेवर यायची. पटावर नाव नाही. उंबऱ्यावर बसायची. काही विचारलं की बहिणीच्या परकरात तोंड खुपसायची. दोन वर्षांत तिनं पाटीला बोट लावलं नाही, आणि मीही तिला काही म्हटलं नाही. मग ते बिऱ्हाड वीटभट्टीवर गेलं. एकदा त्या वाटेनं जाताना कानावर आलं, ती कुणाचं तरी तान्हं मांडीवर घेऊन माझी कविता म्हणत होती. माझ्याच चालीत, मी जिथं खोकायची तिथं खोकून! हातानं शिकतात हे खरंच. पण काही पोरं आधी डोळे भरून घेतात, हाताची पाळी मागाहून येते. तू डोंगर केलास, नदी केलीस. उंबरा करायचा राहिला.”

शिष्या उठून व्यापाऱ्यापुढे उभी राहिली. “शेठ, हा नियम आजच काढू या.”

“ताई, त्या नियमावर तर पाठशाळा चालते,” व्यापारी शांतपणे म्हणाला. “पोरानं किती वेळा हात हलवला हे आईबापांना रोज कळतं, म्हणून ते खूश. तो काढला तर त्यांना काय दाखवू? गप्प बसलेलं पोर?”

“माझी मुलगी आहे हो त्यात.”

“मग तिला सांगा ना हात हलवायला. सोपं आहे.”

तो वाईट माणूस नव्हता. आणि सकाळी आपण याहून वेगळे काय सांगितले, हे शिष्येला सापडेना. बाईंना निरोप देताना तिने विचारले, “आता मी काय करू?”

“मला ठाऊक नाही गं,” बाई म्हणाल्या. “माझी एक खोली होती आणि तिला एक दार होतं. तुझ्या खोल्यांची मला गणतीही होत नाही. तू आधी घरी जा.”

ती घरी गेली. रेणू शाळेतून आली होती. आईने तिला मांडीवर घेतले, पाठीवरून हात फिरवला. “चुकलं माझं, बाळा. तू खरं सांगत होतीस.”

रेणूचा उजवा हात कोपरापासून हवेत हलत होता, पाटी पुसल्यासारखा, एकसारखा.

“हे काय करतेस?”

“असं करत राहिलं ना, की काळं होत नाही. आज एकदाही झालं नाही.”

“हो? मग काय काय बघितलंस, सांग बघू. नदी बघितलीस?”

रेणूने विचार केला. “नाही. बघायला लागलं की हात थांबतो.”

आईने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. तरी तो आतल्या आत हलतच होता. एका धपाट्यात पोर जे शिकले, ते परत कसे घ्यायचे, हे तिला कुणीच शिकवले नव्हते.

वाचणाऱ्याने निदान एका आईला तरी एवढे सांगावे, की गप्प बसणारे पोर जेव्हा बोलते तेव्हा ते आधी खरे धरावे. आणि तिला म्हणावे, तूही पुढे कुणाला तरी सांग.